पाहिजे: एक हीलर

ड्रॅगन मारायला माणसं कधीच कमी पडत नाहीत. कुठल्याही काल्पनिक राज्यात जा, तिथल्या खानावळीत पाठीला तलवार बांधलेले, कपाळावर जखमेचा व्रण असलेले आणि बापाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेले पाचसहा जण हमखास बसलेले असतात. "ड्रॅगनकडे येता का?" एवढं विचारायचा अवकाश, पेला अर्धा टाकून उठतात. मात्र लगेच पुढचा प्रश्न विचारायचा नाही. "बरं, आपल्यात हीलर कोण?" म्हटलं की सगळे गप्प. एक जण बुटाची नाडी बांधायला लागतो, दुसऱ्याला आठवतं की उद्या लवकर उठायचंय.

ज्यांनी फँटसी रोल-प्लेइंग गेम कधी खेळला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. या खेळांत एकट्याने मरायला जायची पद्धत नाही, चारपाच जणांची पार्टी करून जायचं. त्यातला एक टँक. त्याने ढाल घेऊन पुढे उभं राहायचं, राक्षसाला चार शिव्या हासडून त्याचा राग स्वतःवर ओढवून घ्यायचा आणि मार खायचा. दोघं-तिघं डीपीएस, म्हणजे दर सेकंदाला शत्रूची किती हानी केली याचा हिशेब ठेवून जगणारे लोक. हे मागून किंवा बाजूने वार करतात आणि आपला आकडा शेजाऱ्याच्या आकड्यापेक्षा मोठा आहे ना, हे बघत असतात. राक्षसाकडे त्यांचं लक्ष असतं, नाही असं नाही, पण ते जाता जाता. आणि शेवटचा हीलर. या सगळ्यांना जिवंत ठेवायची जबाबदारी त्याची.

श्रेयाची वाटणी फार पूर्वीच ठरून गेली आहे. राक्षस मेला तर टँकने धरला आणि डीपीएसने मारला. पार्टी मेली तर "हीलर काय झोपला होता का?" डीपीएसवाला स्वतःहून आगीत जाऊन उभा राहिला, आगीत उभं राहिल्यावर भाजतं हे त्याला लहानपणीच कळायला हवं होतं, पण मेल्यावर तो तोंड वर करून म्हणणार, "हील आलाच नाही." नाचता येईना अंगण वाकडं, आणि या खेळात अंगणाचं नाव हीलर.

या दुखण्याचं मूळ 1974 सालात सापडतं. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा खेळ काढला. त्यात पेशे तीनच: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. क्लेरिक हा देवाचा माणूस. जखमा भरणं त्याच्याकडे. त्याला धारदार शस्त्राची मनाई होती, गदा मात्र चालायची. तलवारीने बोट कापलं तर पाप, गदेने टाळकं फोडलं तर हरकत नाही, असं हे धर्मशास्त्र. शिवाय पहिल्या पायरीवरच्या क्लेरिकला मंत्र किती यावेत? एकही नाही. ज्याला औषधपाण्यासाठी म्हणून बरोबर घेतलं तो सुरुवातीला नुसता गदा खांद्यावर टाकून, सगळ्यांचं भलं चिंतत मागून चालायचा. चोर हा पेशा पुढच्या वर्षी, 1975 च्या पुरवणीत आला. वैद्य आधी आणि चोर नंतर, हा क्रम मला तरी आशादायक वाटतो.

संगणकावर हे सगळं आलं आणि उपचारांना दरपत्रक लागलं. 1981 चा 'विझर्ड्री' कॉर्नेल विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी लिहिला. त्यात मेलेल्या सोबत्याला गावातल्या मंदिरात न्यायचं, पैसे मोजायचे, मग पुजारी त्याला उठवायचा प्रयत्न करणार. प्रयत्न फसला तर प्रेताची राख होते. राखेतून माणूस उठवायचा दर वेगळा, अर्थात जास्त. तेही फसलं तर माणूस कायमचा गेला. पैसे परत मिळत नाहीत. त्या दोघांनी पुढेमागे हॉस्पिटल काढलं असतं तर उत्तम चाललं असतं.

जपानी लोकांनी याला थोडी शिस्त आणली. त्यांच्या 'ड्रॅगन क्वेस्ट' मालिकेत मेलेला सोबती शवपेटी होऊन तुमच्या मागे सरकत राहतो. तुम्ही बाजारात गेलात तर पेटी बाजारात, राजवाड्यात गेलात तर पेटी राजासमोर. राजाही काही विचारत नाही. सगळी पार्टी मेली तर नायकाला नव्याने जीवदान मिळतं, खिशातलं अर्धं सोनं जातं आणि बाकीच्यांच्या पेट्या तशाच राहतात. त्या उघडायच्या तर देवळात प्रत्येकाचे वेगळे पैसे. तीन मित्र मागे पेट्यांत पडलेत आणि नायक दुकानात नवं चिलखत घालून बघतोय, हे दृश्य मी एका नात्यातल्या मुलाच्या पडद्यावर पाहिलं आहे. "आधी यांना उठव की रे," म्हटलं तर म्हणाला, "काका, चिलखत महाग आहे. ते पेटीत सेफ आहेत."

पण जपानी हीलरांचा मुकुटमणी म्हणजे क्लिफ्ट. 1990 च्या 'ड्रॅगन क्वेस्ट 4' मधला हा तरुण धर्मोपदेशक. त्या खेळाच्या शेवटच्या भागात सोबत्यांना थेट हुकूम देता येत नसे. तुम्ही फक्त धोरण सांगायचं, सांभाळून लढा किंवा जोर लावा असं मोघम, आणि नेमकं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. क्लिफ्टला जखम भरायचे मंत्र येत होते. त्याला 'झाराकी' हाही मंत्र येत होता. शत्रूला जागच्या जागी ठार करणारा मंत्र. मोठ्या राक्षसांवर तो लागू पडत नाही, हे खेळणाऱ्याला पक्कं माहीत असे. क्लिफ्टला नसे. समोर अजस्र राक्षस, नायक रक्तबंबाळ, राजकन्या आडवी, म्हातारा जादूगार शेवटच्या घटका मोजतोय आणि क्लिफ्ट शांतपणे पुढे होऊन म्हणतो, झाराकी. काही होत नाही. पुढच्या पाळीला पुन्हा झाराकी. पालथ्या घड्यावर पाणी ओतावं तर त्यातही सातत्य किती! त्या पिढीतल्या जपानी माणसासमोर आजही क्लिफ्टचं नाव काढलं की तो आधी हसतो आणि मग त्याचा चेहरा बदलतो. मला मात्र क्लिफ्टचं मन कळतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जखमा धुतलेल्या माणसाला एकदा तरी स्वतःच्या हाताने राक्षस मारावासा वाटणारच.

खरी माणसं हीलर झाली ती इंटरनेटवरच्या खेळांत. 1999 च्या 'एव्हरक्वेस्ट'मध्ये क्लेरिककडे एक जबरदस्त मंत्र होता, एका फटक्यात माणूस ठणठणीत. अडचण एवढीच की तो म्हणायला 10 सेकंद लागत. 10 सेकंदांत ड्रॅगन टँकचं काय करतो हे सांगायला नको. म्हणून क्लेरिकांची रांग लावायची आणि एकाने सुरू केल्यावर ठरावीक सेकंदांनी पुढच्याने सुरू करायचं, असं चक्र चालवायचं. एकाला शिंक आली की टँक गेला. लढाई नसताना जादूची शक्ती भरून काढायला मंत्रांचं पुस्तक उघडून बसावं लागे, आणि सुरुवातीच्या काळात ते पुस्तक सगळा पडदा व्यापून टाकत असे. लोक एवढे पैसे भरून एका अद्भुत जगात जायचे आणि तिथे पुस्तकाचं पान बघत बसायचे.

हीलरला खेळ दिसतो कसा, हे बाकीच्यांना ठाऊकच नसतं. 2004 साली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला. त्यात मोल्टन कोअर नावाची लाव्ह्याने भरलेली गुहा होती आणि तिच्यात 40 जणांनी एकत्र उतरायचं होतं. तळाशी रॅग्नारॉस: लाव्ह्यातून कमरेपर्यंत वर आलेला, अंगभर आग, हातात हा एवढा घण. तो प्रकटला की टँक पाहत राहतो, डीपीएस पाहत राहतात. हीलरला काय दिसतं? पडद्याच्या एका कडेला 40 हिरव्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर एकेक नाव. पट्टी आखडायला लागली की तिच्यावर टिचकी मारायची आणि मंत्र सोडायचा, तोवर खालची आखडते, तिच्यावर टिचकी, तोवर पहिली पुन्हा आखडते कारण त्या नावाचा मनुष्य आगीतून अजून हललेलाच नसतो. काही पट्ट्यांशी हीलरचं वैयक्तिक वैर जमतं. रॅग्नारॉस मेला हे त्याला कळतं ते पट्ट्या आखडायच्या थांबल्या म्हणून. मग तो हळूच शेजाऱ्याला विचारतो, "दिसायला कसा होता रे?"

त्या 40 पट्ट्या हातात असणं ही सत्ता आहे, हे मात्र कुणी बोलून दाखवत नाही. दोन पट्ट्या एकाच वेळी शेवटाला आल्या आहेत आणि मंत्र एकच उरला आहे. एकाने मघाशी "हील कर ना xx" असं शिवी घालून सांगितलं होतं, दुसरा दर लढाईनंतर "थँक्यू" म्हणतो. हीलर अगदी तटस्थ, नियमाने चालणारा माणूस असतो. तरी दुसराच जगतो.

मॅना, म्हणजे जादूची शक्ती, संपला की हीलर जमिनीवर बसून पाणी पितो. पाण्याने मॅना भरतो, अशी त्या जगाची वैद्यकी. याला अर्धं मिनिट लागतं आणि नेमक्या त्याच अर्ध्या मिनिटात टँकला पराक्रम सुचतो. असं न विचारता घुसणाऱ्यांचा आद्य पुरुष लीरॉय जेन्किन्स. वॉरक्राफ्टमधल्या 2005 च्या त्या गाजलेल्या चित्रफितीत सगळी पार्टी ड्रॅगनांच्या अंड्यांनी भरलेल्या खोलीबाहेर उभी राहून डावपेच आखते आहे, टक्केवारी काढून यशाची शक्यता मोजते आहे. लीरॉय खुर्चीवर नाही. तो परत येतो, स्वतःच्या नावाची आरोळी ठोकतो आणि एकटाच आत घुसतो. बाकीचे मागोमाग धावतात आणि सगळे मरतात. शेवटी तो म्हणतो, माझ्याकडे चिकन तरी आहे. हे बहुतेकांना माहीत असतं. त्याआधीचं संभाषण कुणी ऐकत नाही. ती खोली साफ करायची होती ती लीरॉयसाठीच, कारण तिथे मिळणाऱ्या खांद्यांवरच्या चिलखताने त्याचा मॅना वाढणार होता आणि त्याला अधिक चांगलं हील करता येणार होतं! पार्टीला हीलर हवा होता, दुसरं काही नाही.

हीलर मिळत नाहीत म्हटल्यावर कंपन्यांनी आमिष दाखवून पाहिलं. 2009 च्या डिसेंबरात वॉरक्राफ्टमध्ये अनोळखी माणसांची पार्टी आपोआप जुळवणारी सोय आली: एक टँक, एक हीलर, तीन डीपीएस. हीलर म्हणून नाव नोंदवलं की चटकन बोलावणं येई. डीपीएसवाले मात्र ताटकळत राहत, कारण प्रत्येक तिघांमागे एक सज्जन लागतो आणि सज्जनांचा पुरवठा तेवढा नाही. 2011 मध्ये मग टंचाई असेल त्या भूमिकेला वर एक थैली देऊ केली. तिच्यात सोनं, रत्नं, नशीब जोरावर असेल तर स्वारीचं जनावर. लोक थैलीसाठी हीलर झाले. थैलीसाठी झालेला हीलर कसा हील करतो, ते पाहायला तुम्ही जिवंत राहत नाही.

मग काहींनी ही जातच नष्ट करायचं ठरवलं. 2012 च्या 'गिल्ड वॉर्स 2' ने प्रत्येकाला स्वतःपुरता उपचार दिला आणि वेगळ्या हीलरची गरज संपली असं मानलं. आपापलं औषध आपण घ्यायचं, कुणावर विसंबायचं नाही. ऐकायला झकास. प्रत्यक्षात सगळे स्वावलंबनाने मेले, आणि 2015 च्या पुरवणीत हीलर मागच्या दाराने परत आला. 2009 च्या 'ड्रॅगन एज'मध्ये विन नावाची एक म्हातारी जादूगारीण होती, जखमा भरता भरता दोन समजुतीच्या गोष्टी सांगायची. पोरं तिच्या उपदेशाला कंटाळत, पण तिला तळावर ठेवून कुणी ड्रॅगनसमोर जात नसे. त्याच मालिकेच्या 2014 च्या भागात साधे हीलिंगचे मंत्रच काढून टाकले आणि चौघांत मिळून 8 बाटल्या दिल्या. उपदेश बंद झाला. बाटल्यांवरून भांडणं सुरू झाली.

माझा स्वतःचा या खात्याशी संबंध भाच्यामुळे आला. तो पुण्यात, त्याचा एक मित्र डोंबिवलीत, दुसरा आयर्लंडात नोकरीला, आणि चौथा मी. रविवारी रात्री 'बाल्डर्स गेट 3' खेळतो. पहिल्याच दिवशी भाचा म्हणाला, "मामा, तू क्लेरिक घे."

"का बरं?"

"तुझा हात जरा सावकाश चालतो ना, म्हणून."

हा खेळ पाळीपाळीने चालतो. आपली पाळी आली की मध्ये चहा करून आलं तरी चालतं. हाताच्या वेगाचा तिथे काडीचा संबंध नाही. पण कामापुरता मामा ही म्हण काही उगीच पडलेली नाही.

झालं असं की आम्ही गॉब्लिनांच्या तळाच्या दाराशी आलो. मी म्हटलं, आधी सगळ्यांवर आशीर्वादाचा मंत्र घालतो. तोपर्यंत भाच्याचा रानटी योद्धा दार फोडून आत.

"मामा, हील!"

"अरे, अजून लढाई सुरू व्हायचीय."

"झाली. मी पडलोय."

"मामा, तुम्ही बाटली फेकून मारा ना त्याला," आयर्लंडवरून सूचना आली. माझा विश्वास बसेना. पण या खेळात औषधाची बाटली पाजावीच लागते असं नाही. लांबून नेम धरून फेकली आणि रुग्णावर फुटली तरी गुण येतो. मी फेकली. बाटली फुटली, काचा उडाल्या आणि पोरगं उठून बसलं. उठल्या उठल्या पुन्हा गॉब्लिनांत शिरलं आणि पुन्हा पडलं. "मामा, हील!"

यातही एक तर्क आहे, आणि तो मला डोंबिवलीकराने फार प्रेमाने समजावून सांगितला. या नियमांत 1 एचपी, म्हणजे जीव मोजायचा एकच गुण, उरलेला माणूस 100 एचपीवाल्याइतक्याच जोराने तलवार चालवतो. मग आधीपासून मलमपट्टी करून मंत्र कशाला घालवायचा? माणसाला पडू द्यावं आणि पडला की दुरून दोन शब्द बोलून उठवावं, तेवढा मंत्र पुरतो. "म्हणजे मामा, तुम्ही टेन्शन घ्यायचं नाही. आम्ही मेल्याशिवाय तुम्हाला कामच नाही." इतकं सुटसुटीत कामाचं स्वरूप मला कुठल्याही नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं. लढाई संपली की तळावर जायचं, 40 एकक शिध्याचं जेवण करायचं आणि झोपायचं. सकाळी कुऱ्हाडीच्या, आगीच्या, विषाच्या सगळ्या जखमा साफ. जेवणात बहुतेक चीज आणि दारू. चीजचा महिमा तसा जुना आहे. 2011 च्या 'स्कायरिम'मध्ये ड्रॅगन अंगावर आला की खेळ थांबवून झोळी उघडायची आणि चीजची अख्खी चाकं एकामागून एक खायची सोय होती. तोवर ड्रॅगन जबडा उघडा ठेवून हवेत थांबतो.

आणि एवढं असून झोळ्या भरलेल्याच राहतात. 'फायनल फँटसी'च्या खेळांत एलिक्सर नावाचं औषध आहे. एका घोटात एचपी आणि मॅना दोन्ही पूर्ण. ते सहसा दुकानात मिळत नाही, म्हणून कुणी वापरत नाही. पुढे याहून मोठा राक्षस येईल, तेव्हा काढू. पाहुण्यांसाठी म्हणून कपाटात ठेवलेला कपबशांचा सेट जसा घरातली माणसं म्हातारी झाली तरी बाहेर निघत नाही, तसं. शेवटचा राक्षस येतो, माणसं मरतात, हीलर घामाघूम होतो, खेळ संपतो, श्रेयनामावली सुरू होते, आणि प्रत्येकाच्या झोळीत एलिक्सर शिल्लक.

तर्काचं म्हणाल तर त्या मालिकेकडून अपेक्षाच करू नये. तिच्यात फिनिक्सचं पीस मेलेल्याला उठवतं. 1994 च्या सहाव्या भागात एक भुताची आगगाडी अंगावर येते. ती आधीच मेलेली आहे, तेव्हा जीवदान हे तिच्यासाठी विष. फिनिक्सचं पीस लावलं की आख्खी गाडी तिथेच गार. मात्र 1997 च्या सातव्या भागात एरिथ नावाची मुलगी, पार्टीतली सगळ्यात चांगली हीलर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मारली जाते. नायकाच्या झोळीत फिनिक्सची पिसं ढीगभर असतात. एकही काढत नाही. पोरांनी त्या प्रसंगावर जगभर अश्रू ढाळले, अजून ढाळतात. माझं म्हणणं साधं आहे: आगगाडीला लावता, मग तिला का नाही लावलं?

2024 च्या जूनमध्ये, 'फायनल फँटसी 14' ची नवी पुरवणी यायच्या तोंडावर, त्या खेळातल्या काही हीलरांनी संप पुकारला. मागणी पगाराची नव्हती, कामाची होती. टँक आणि डीपीएस आता स्वतःच्या जखमा स्वतःच इतक्या भरून काढतात की हीलरला तेच ते प्रकाशाचं बटण दाबून राक्षसाला बोचकारत राहण्यापलीकडे उद्योग उरला नाही, अशी त्यांची तक्रार. पन्नास वर्षं ज्याला "हील कर" म्हणून ओरडून बेजार केलं त्याला अखेर कुणी ओरडेना, तर तो संपावर गेला. खेळ बंद पडला नाही. बाकीच्यांच्या हे लक्षात आलं का, तेही विचारू नका.

तरी वाचकांपैकी जे खेळत असतील त्यांना विनंती आहे. टँक असाल तर हीलर पाणी पीत बसलाय का, हे एकदा मागे वळून बघा आणि तेवढं अर्धं मिनिट दारावर लाथ मारू नका. डीपीएस असाल तर आगीतून बाजूला व्हा. आणि झोळीतलं ते एलिक्सर आजच पिऊन टाका, खेळ संपल्यावर ते कुणी परत घेत नाही.